'मोबाइल स्टार ट्रेकमुळे आला' असं पोस्टरवर लिहू नका

नमस्कार मॅडम. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला तो कसा समजला ते आधी सांगतो. तुम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवता. दर शनिवारी अकरावी-बारावीच्या मुलांना 'स्टार ट्रेक'सारख्या विज्ञानमालिकेचा एकेक भाग दाखवायचा आणि त्यावर बोलायचं, असं मंडळ तुम्हाला सुरू करायचं आहे. प्राचार्यांनी विचारलं, "यातून निघणार काय?" त्यावर तुम्ही पोस्टरसाठी यादी केलीत: मोबाइल, आपोआप सरकणारी दारं, सुईविना इंजेक्शन, बोलणारा संगणक आणि ट्रायकॉर्डर, म्हणजे रुग्णासमोर धरताच आजार सांगणारी मालिकेतली पेटी. हे सगळं त्या मालिकेमुळे आलं असं खात्रीने लिहिता येईल का, हा तुमचा प्रश्न.

बोलणाऱ्या संगणकाबद्दल हो, ट्रायकॉर्डरबद्दल अर्धं हो, बाकी तिन्हींबद्दल नाही. पण प्राचार्यांना पटवायचं असेल तर यंत्रांची यादी हा सगळ्यात कच्चा पुरावा आहे. पक्का पुरावा दुसरीकडे आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

मी बायोमेडिकल इंजिनियर आहे. पहिली नऊ वर्षं रुग्णालयाची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात काढली. त्यानंतरची सतरा वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात मॉनिटर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप दुरुस्त करणं आणि ते बरोबर मोजतात की नाही हे तपासणं, हे काम करतोय. विभागात येणाऱ्या शिकाऊ मुलामुलींबरोबर महिन्यातून एकदा आम्ही विज्ञानमालिकेचा एक भाग बघतो. अकरा वर्षं झाली. पुढे जे लिहितोय ते त्या अनुभवातून.

आधी यादी निकाली काढू. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या फोनवर पहिला कॉल मोटोरोला कंपनीचे इंजिनियर मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी केला, हे खरं. त्यांना कल्पना मालिकेतल्या कॅप्टन कर्कच्या कम्युनिकेटरवरून, म्हणजे हातातल्या संपर्कयंत्रावरून, सुचली ही गोष्ट जगभर फिरते. कूपर यांनी स्वतः नंतर सांगितलं, की त्यांच्या डोक्यात त्याच्याही आधीच्या डिक ट्रेसी या चित्रकथेतला मनगटावरचा रेडिओ होता. मोटोरोलाचा १९९६ चा घडीचा फोन कम्युनिकेटरसारखा दिसतो आणि त्याचं नावही 'स्टारटॅक' होतं, पण दिसण्यातल्या साम्याला जन्माचा दाखला म्हणता येत नाही. सरकणारी दारं मालिकेच्या आधीपासून दुकानांत होती. उलट सेटवरची दारं आपोआप उघडतच नव्हती, मागे उभी असलेली माणसं ती हाताने ओढायची. सुईविना दाबाने औषध घुसवणारी इंजेक्शनंही आधीचीच. लसीकरणाच्या मोहिमांत ती खूप वापरली गेली आणि पुढे एकाच्या रक्ताचा अंश दुसऱ्याकडे जातो असं दिसल्यावर तेच तोंड अनेकांना वापरायची पद्धत बंद पडली.

बोलणाऱ्या संगणकाचं मात्र बनवणाऱ्यांनी स्वतः मान्य केलंय. अ‍ॅमेझॉनच्या अलेक्सामागे मालिकेतल्या एंटरप्राइझ यानावरचा संगणक होता हे त्या कंपनीच्या लोकांनी उघडपणे सांगितलंय. आजही त्या यंत्राला 'कंप्युटर' अशी हाक मारायची सोय आहे. हे पोस्टरवर बिनधास्त लिहा.

ट्रायकॉर्डरवर जरा थांबतो, कारण ते माझं क्षेत्र. मालिकेतला डॉक्टर मॅकॉय खांद्याला अडकवलेली एक पेटी रुग्णासमोर धरतो आणि आजार सांगतो. २०१२ मध्ये क्वालकॉम ही मोबाइलच्या चिप बनवणारी कंपनी आणि एक्स प्राइझ ही बक्षिसांच्या स्पर्धा भरवणारी संस्था यांनी हेच नाव घेऊन एक कोटी डॉलरची स्पर्धा जाहीर केली. घरी बसून सामान्य माणसाला वापरता येईल, ठरावीक तेरा आजार किंवा अवस्था ओळखेल आणि शरीराच्या पाच खुणा मोजेल असं उपकरण हवं होतं. वजन पाच पौंडांच्या आत, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास. तीनशेच्या वर संघ उतरले. एप्रिल २०१७ मध्ये निकाल लागला तेव्हा पहिला आला पेनसिल्व्हेनियातल्या एका आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरचा संघ. त्यात त्याची भावंडं आणि मित्र होते. दुसरा संघ तैवानचा. पण सगळ्या अटी कोणीच पूर्ण केल्या नाहीत, म्हणून पूर्ण बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पहिल्या संघाला २६ लाख डॉलर मिळाले.

हे का जमलं नाही ते तुमच्या मुलांना समजेल, कारण त्याचं मूळ भौतिकशास्त्रातच आहे. प्रकाश बोटातून आरपार जातो, पोटातून जात नाही, विखुरतो. रक्तातली साखर बाहेरून मोजायची तर तिचा क्षीण संकेत पाण्याच्या आणि बाकी सगळ्या घटकांच्या संकेतांत बुडून जातो. त्यामुळे ट्रायकॉर्डर 'आला' असं मी म्हणत नाही. पण त्या एका शब्दामुळे तीनशे संघांना काय बनवायचं हे दोन ओळींत समजलं. आमच्या कामात अर्धी भांडणं 'नेमकं हवंय काय' यावर होतात. ते आधीच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असणं ही मोठी गोष्ट आहे.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. कारखान्यात असताना आम्ही एक बेडसाइड मॉनिटर बनवला. चार रंगांत चार आलेख, कोपऱ्यात बारीक अक्षरांत आकडे. आम्हाला तो फार देखणा वाटत होता. चाचणीसाठी एका वॉर्डात लावला. रात्रपाळीच्या सिस्टरांकडे अकरा खाटा होत्या. त्यांनी एकच विचारलं, "मला दारातून यातलं काय दिसणार?" आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मला लहानपणी दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिलेलं एंटरप्राइझवरचं इस्पितळ आठवलं. तिथे प्रत्येक खाटेच्या डोक्याशी एक पाटी आहे, तिच्यावर उभ्या पट्ट्या आहेत आणि त्यांवरून खुणेचे बाण वर-खाली सरकतात. ठोक्यांचा आवाज येतो. खोलीत शिरणाऱ्याला एका नजरेत कळतं, हा माणूस बरा आहे की नाही. त्या पाटीत तंत्रज्ञान शून्य होतं, लाकूड आणि दिवे होते. पण ती पाटी बनवणाऱ्याने आत येणाऱ्या माणसाचा विचार केला होता आणि आम्ही केला नव्हता. आम्ही आलेख लहान केले आणि दोन आकडे तळहाताएवढे केले.

तेव्हापासून माझं मत असं, की मालिका यंत्राची रचना शिकवत नाही. त्या यंत्राभोवती कोण उभं आहे, कोण कोणासाठी ते वापरतंय, हे ती दाखवते. आणि जिथे माणसांचा प्रश्न येतो तिथे तिचा परिणाम नावानिशी, तारखेनिशी दाखवता येतो. तुमच्या प्राचार्यांसाठी खरा पुरावा हा आहे.

मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झाली. यानाच्या नियंत्रण कक्षात संपर्क अधिकारी म्हणून लेफ्टनंट उहुरा बसते. कृष्णवर्णीय स्त्री, अधिकारी. निशेल निकोल्स ही भूमिका करायच्या. त्याच कक्षात यान चालवणारा सुलू. ते काम करणारे जॉर्ज ताकेई लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाचे म्हणून आईवडिलांसह अमेरिकेतल्याच छावण्यांत डांबले गेले होते. दुसऱ्या हंगामापासून रशियन चेकॉव्ह आला, तोही शीतयुद्धाच्या ऐन भरात. पहिल्या हंगामानंतर निकोल्स मालिका सोडणार होत्या. त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली हकिकत अशी, की एका कार्यक्रमात मार्टिन ल्यूथर किंग भेटले. आपण मालिकेचे चाहते आहोत असं म्हणाले आणि निकोल्स यांनी मालिका सोडू नये असा आग्रह किंग यांनी धरला. निकोल्स थांबल्या.

खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. १९७७ मध्ये नासाला स्पेस शटलसाठी नवे अंतराळवीर हवे होते आणि स्त्रिया व कृष्णवर्णीय अर्जच करत नव्हते. 'तिथे आपली जागा नाही' हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. नासाने निकोल्स यांना भरतीच्या मोहिमेसाठी बोलावलं आणि त्या देशभर फिरल्या. आठ हजारांहून जास्त अर्ज आले. जानेवारी १९७८ मध्ये निवडलेल्या पस्तीस जणांत सहा स्त्रिया होत्या, तीन कृष्णवर्णीय पुरुष होते आणि एक आशियाई वंशाचे. अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री सॅली राइड आणि पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन गायन ब्लूफर्ड त्याच तुकडीतले. पुढे १२ सप्टेंबर १९९२ रोजी मे जेमिसन अंतराळात गेल्या, तिथे जाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. लहानपणी उहुराला पडद्यावर बघितल्याचं त्या सांगतात. यानात कामाची पाळी सुरू करताना त्या उहुराचंच वाक्य म्हणत, आणि १९९३ मध्ये पुढच्या पिढीच्या स्टार ट्रेकच्या एका भागात त्यांनी छोटं कामही केलं. मालिकेतून माणूस अंतराळात गेला आणि अंतराळातून परत मालिकेत आला, असं हे उदाहरण आहे. पोस्टरवर एकच गोष्ट मावत असेल तर ही घाला.

ही मालिका समतेचा आदर्श नमुना होती असं मात्र मुलांना सांगू नका. उहुराला बोलायला फार थोडं असायचं. जून १९६९ च्या शेवटच्या भागात स्त्रियांना यानाचं कप्तानपद मिळत नाही असं एक पात्र स्पष्ट म्हणतं. नियंत्रण कक्षात भारतीय कोणी नव्हतं. उत्तर भारतातला, बहुधा शीख, अशी ओळख करून दिलेला खान नूनियन सिंग १९६७ मध्ये आला तो खलनायक म्हणून, आणि भूमिका केली मेक्सिकोच्या नटाने. आमच्या शिकाऊ मुलांना हा भाग दाखवला की पहिली दहा मिनिटं ते यावरच बोलतात. बोलू द्या. आपण त्या खोलीत कुठे आहोत हे शोधणं हाच तर मालिकेचा सगळ्यात मोठा उपयोग आहे.

यंत्राशी याचा संबंध काय, असं प्राचार्य विचारतील. पल्स ऑक्सिमीटरचं उदाहरण द्या. करोनाच्या काळात घराघरात आलेली ती बोटाची चिमटी. तिच्यात एक लाल दिवा असतो, साधारण ६६० नॅनोमीटरचा, आणि एक अवरक्त, ९४० च्या आसपासचा. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं, न घेतलेलं जास्त. जपानमध्ये ताकुओ आओयागी हे इंजिनियर दुसरंच काही मोजत होते आणि नाडीच्या ठोक्यांनी त्यांच्या मोजमापात सारखा अडथळा येत होता. त्या अडथळ्यातच रोहिणीतल्या रक्ताचा पत्ता आहे हे त्यांनी ओळखलं आणि १९७४ मध्ये मांडलं. फार सुंदर विचार आहे हा. मात्र त्वचेतलं रंगद्रव्यही प्रकाश शोषतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की ऑक्सिजन धोकादायक पातळीला उतरलेला असताना यंत्र ठीक आकडा दाखवतंय, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं. यंत्राची जुळवणी करताना कोणाची बोटं त्यात होती, हा तो प्रश्न. आमच्या वॉर्डात सावळ्या-काळ्या त्वचेच्या रुग्णाचा आकडा काठावर असला तर रक्ताची तपासणी करून घ्या, असं आम्ही निवासी डॉक्टरांना सांगतो. नियंत्रण कक्षात सगळ्या रंगांची माणसं बसवण्याला १९६६ मध्ये लोकांनी स्वप्नरंजन म्हटलं असेल. माझ्या टेबलावर ती कॅलिब्रेशनची, म्हणजे यंत्राचं मोजमाप बरोबर जुळवण्याची, बाब आहे.

चाहत्यांच्या मंडळींबद्दल तुम्ही विचारलं नव्हतं, पण तुम्ही मंडळच काढताय म्हणून लिहितो. १९६७ मध्ये मालिका दुसऱ्या हंगामानंतर बंद होणार अशी कुणकुण लागली. कॅलिफोर्नियातल्या बिजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उघडली. नियम असा, की प्रत्येकाने दहा जणांना लिहायला सांगायचं आणि त्या दहांनी आणखी दहांना. मार्च १९६८ मध्ये एक भाग संपताना वाहिनीला पडद्यावरून जाहीर करावं लागलं, की मालिका चालू राहणार. तिसरा हंगाम मिळाला, त्यामुळे एकूण ७९ भाग झाले, आणि तेवढे भाग असल्यामुळे पुढे स्थानिक वाहिन्यांवर रोज पुनःप्रक्षेपण करणं शक्य झालं. मालिका खरी पसरली ती तिथून. त्याच १९६७ मध्ये दोन तरुणींनी फक्त या मालिकेला वाहिलेलं पहिलं हौशी नियतकालिक काढलं. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात मेळावा भरला. काहीशे लोक येतील अशी अपेक्षा होती, तीन हजारांवर आले. १९७६ मध्ये पहिल्या शटलचं नाव ठरलं होतं ते बदलून 'एंटरप्राइझ' झालं, तेही पत्रांच्या ढिगामुळे. ते शटल चाचणीपुरतंच होतं, १९७७ मध्ये विमानावरून सोडून जमिनीवर उतरवलं गेलं, अवकाशात कधीच गेलं नाही.

ब्रिटनमध्ये तर चाहत्यांनी मालिकाच वाचवली. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानमालिका १९६३ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मलेले. १९६० च्या दशकातले बरेच भाग बीबीसीने टेप पुसून घालवले आणि त्यांतले शंभराच्या आसपास दीर्घकाळ सापडले नाहीत. पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण घरोघरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून पोरांनी तो उतरवून ठेवला होता.

आपल्याकडे अशी परंपरा मालिकांभोवती नाही, कथांभोवती आहे. मराठी विज्ञान परिषदही १९६६ चीच. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ मध्ये 'नारायण विनायक जगताप' या नावाने आलेली कथा जयंत नारळीकरांची निघाली. तुमच्या मंडळात बघण्याबरोबर लिहिणंही असावं असं मला त्यामुळेच वाटतं.

भीतीच्या कथाही दाखवा. 'डॉक्टर हू'मधले सायबरमेन, म्हणजे अवयवांच्या जागी यंत्रं बसवत गेलेली माणसं, ऑक्टोबर १९६६ मध्ये आले. त्यांच्या निर्मात्यांपैकी एक किट पेडलर हे लंडनच्या नेत्रविज्ञान संस्थेतले संशोधक. माणसाचा एकेक अवयव बदलत गेलो तर शेवटी माणूस किती उरेल, हा त्यांचा खरा प्रश्न होता. त्याच्या शेजारी जॉर्डी ला फोर्ज ठेवा, १९८७ ला सुरू झालेल्या पुढच्या पिढीच्या स्टार ट्रेकमधला अंध अधिकारी, जो डोळ्यांवरच्या पट्टीवजा यंत्राने बघतो आणि पुढे यानाचा मुख्य अभियंता होतो. त्याचं नाव १९७५ मध्ये वारलेल्या, स्नायूंच्या आजाराने अपंग झालेल्या एका चाहत्यावरून ठेवलेलं आहे. आणि मग खरी घटना सांगा. २०१३ मध्ये अमेरिकेत साठ इलेक्ट्रोडच्या कृत्रिम दृष्टिपटलाला मान्यता मिळाली. तीनशेहून अधिक अंध लोकांच्या डोळ्यांत तो बसवला गेला. काही वर्षांत बनवणाऱ्या कंपनीने ते उत्पादन सोडलं, सुटे भाग आणि दुरुस्ती थांबली, आणि डोळ्यात बसवलेलं यंत्र तसंच राहिलं. दुरुस्ती हेच ज्याचं आयुष्य आहे अशा माणसाला हे वाचून झोप लागत नाही. मालिकेत जॉर्डीचं यंत्र बिघडलं तर तो स्वतः आणि यानावरचे डॉक्टर ते बघतात. खऱ्या जगात ती जबाबदारी कोणाची, हे मुलांना विचारा. बारावीची मुलं यावर मोठ्यांपेक्षा स्पष्ट बोलतात.

आता व्यवहाराचं. काही गोष्टी तुमच्या तिथल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. मुली शनिवारी थांबू शकतात का, शेवटची एसटी किती वाजता, इंग्रजी उपशीर्षकं किती जणांना झेपतात. आमच्याकडे सुरुवातीला पूर्ण भाग दाखवायचो, इंग्रजी कच्चं असलेली मुलं गप्प बसायची. मग वीस मिनिटांचा तुकडा आणि अधूनमधून थांबवून मराठीत बोलणं, असं केलं. त्यानंतर सगळ्यात जास्त प्रश्न त्यांच्याकडूनच यायला लागले. दुसरं, विज्ञानातल्या चुका शोधायचा खेळ करू नका. आम्ही पहिलं वर्ष तेच केलं आणि दोन-तीन हुशार मुलांचाच तो फड झाला. 'हे यंत्र तुमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवलं तर कोण चालवेल, वीज गेली तर काय?' असं विचारलं की सगळे बोलतात.

खर्चाची गोष्टही सांगा, मुलांना धीर येतो. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवणं परवडेना, म्हणून माणसं किरणांनी खाली पाठवायची युक्ती निघाली. मॅकॉयची काही शस्त्रक्रियेची उपकरणं म्हणजे विकत आणलेल्या मिठाच्या डब्या होत्या. एका भागासाठी आणल्या, त्या मिठाच्या वाटेनात, म्हणून डॉक्टरच्या हाती दिल्या.

पहिल्या शनिवारी उहुरा असलेला कुठलाही तुकडा दाखवा आणि १९७८ च्या त्या पस्तीस जणांचा फोटो भिंतीवर लावा. दुसऱ्या शनिवारी यानावरच्या इस्पितळाचं एक दृश्य आणि टेबलावर एक ऑक्सिमीटर. बंद पडलेला असला तरी चालेल, ओळखीच्या दवाखान्यात मागितला तर मिळेल. आधी सेल काढून ठेवा, चिमटीची स्प्रिंग उडते म्हणून उघडताना डोळे जपा, आणि आतले दोन दिवे व समोरचा सेन्सर मुलांना स्वतः शोधू द्या. चालू असलेला एखादा मिळाला, तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्याच्याकडे बघा. बऱ्याच फोनमध्ये डोळ्यांना न दिसणारा दुसरा दिवाही फिकट जांभळा दिसतो.